जॅझवादकाची शिदोरी

नृत्यगृहांत जॅझ वाजविणाऱ्याचें जीवन मौजेचें वाटतें. परंतु त्याची भाकरी सुखासुखीं मिळत नाहीं. गोव्यांतील हळदोणें येथें १९१६ सालीं जन्मलेले ट्रंपेटवादक आंतोनियो वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांचें उदाहरण आम्ही घेतों. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत त्यांचें पथक वाजवीत असे. चित्रपटांत ते सी. रामचंद्र यांचे साहाय्यक होते. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर नृत्यगृहांची मिळकत आटली, तेव्हां अनेक गोवेकर वादकांस चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणानें तारलें. कारण चर्चच्या शाळेंत लहानपणींच ते स्वरलिपि वाचावयास शिकले होते. ऐन वेळीं सुचणारे सूर ही जॅझची शोभा खरी. परंतु संकटांत शिदोरी झाली ती स्वरलिपि. बालमित्रहो, आज शुष्क वाटणारा धडाही मन लावून गिरवावा.