मोतीबिंदू ‘परत’ येतो तेव्हा

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, सुईत दोरा ओवता येऊ लागला आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा सारे धुरकट दिसू लागले, असे अनेक वृद्धांच्या बाबतीत घडते. “मोतीबिंदू परत आला” असे कुणी म्हणते; “आता वयच झाले” असे कुणी म्हणते. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. दुसरी अधिक घातक होय, कारण तिच्यामुळे माणूस दवाखान्याची पायरीच चढत नाही.

डोळ्यातील नैसर्गिक भिंग एका अतिशय पातळ, पारदर्शक पिशवीत असते. शस्त्रक्रियेत या पिशवीला पुढून गोल छिद्र पाडून गढूळ भिंग काढतात. पिशवी मात्र राखून ठेवतात, कारण तिच्याच आधाराने कृत्रिम भिंग बसवावयाचे असते. काढलेले भिंग पुन्हा उगवत नाही. परंतु पिशवीच्या आतील कडेला त्याच्या काही पेशी चिकटून राहतात. त्या वाढत वाढत पिशवीच्या मागील पडद्यावर पसरल्या की तो पडदा गढूळ होतो. यात शल्यविशारदाचा दोष नसतो, रुग्णाची हयगयही नसते. लहान मुलांत ही वाढ इतकी झपाट्याने होते की त्यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेतच हा पडदा बहुधा उघडून ठेवतात.

पूर्वी यासाठी डोळ्यात पुन्हा हत्यार घालावे लागे. १९८० नंतरच्या काही वर्षांत पॅरिसच्या डॉ. दानिएल आरों-रोझा आणि बर्नचे डॉ. फ्रान्झ फांकहाउझर यांच्या कार्यामुळे ‘याग’ लेझर नेत्रचिकित्सेत रूढ झाला. या लेझरचे किरण १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचे, डोळ्यांना न दिसणारे असतात. क्षणार्धाहूनही अल्पकाळ टिकणाऱ्या ठिणग्यांनी पडद्याच्या मध्यभागी काही मिलिमीटरचे छिद्र पडते आणि प्रकाशाला वाट मिळते. याच लेझरने मोतीबिंदूच काढून घ्यावा, असा आग्रह काही रुग्ण धरतात. तो व्यर्थ आहे.

उपचारापूर्वी थेंब घालून बाहुली मोठी करतात व डोळा बधिर करतात. रुग्ण यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसतो. टाका नाही, पट्टी नाही. काम काही मिनिटांत आटोपते. नंतर काही दिवस नजरेसमोर काळे ठिपके तरंगतात. डोळ्यातील दाब तात्पुरता वाढू शकतो, म्हणून तो तपासावा लागतो. दृष्टिपटल सुटण्याचा धोका थोडा असला तरी आहे; प्रकाशाचे लखलखाट दिसले किंवा नजरेवर पडदा ओढल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

शस्त्रक्रियेनंतरची प्रत्येक धूसरता या पडद्यामुळेच असते असे मात्र नाही. काचबिंदू किंवा मधुमेहाने बिघडलेले दृष्टिपटल यांवर हा उपचार चालत नाही, म्हणून आधी पूर्ण तपासणी हवी. गावातील शिबिरात ज्यांची शस्त्रक्रिया झाली, त्यांची यादी पंचायतीने काढावी आणि “समोरच्या दिव्याचा प्रकाश फाकतो का? माणसांचे चेहरे पुसट दिसतात का?” एवढे दोन प्रश्न घरोघर विचारावेत. ज्यांचे उत्तर ‘होय’ येईल, त्यांच्यासोबत घरचे एक माणूस अवश्य पाठवावे. थेंबांमुळे परतताना काही तास त्यांना नीट दिसणार नाही.