घर घेताना कोणाची सही राहिली?

दुकानात माल भरण्यापूर्वी आपला व्यापारी चार पेढ्यांवर भाव विचारतो, नमुना पाहतो, बिल तपासतो. पण तोच गृहस्थ घर घ्यायला निघाला की दलालाच्या शब्दावर आणि नातेवाइकांच्या भरवशावर आयुष्यभराची कमाई मोकळी करतो. पुढे तंटा उभा राहिला की हातात इसारपावती, वीजबिल आणि घरपट्टीची पावती असते. यांपैकी एकानेही मालकी सिद्ध होत नाही. घरपट्टी भरणारा तो मालक, अशी आपली समजूत असते. कायद्याची तशी नाही.

घराच्या व्यवहारात कागद पुष्कळ असतात आणि सामान्य माणूस त्यांना घाबरतो. त्यावर एक सोपा उपाय आहे. प्रत्येक कागद हातात घेताना एकच प्रश्न विचारावा : यावर कोणाची सही असायला हवी होती आणि ती राहिली आहे काय? बहुतेक तंटे या एका राहिलेल्या सहीतून निघतात. नेहमी विचारले जाणारे काही प्रश्न याच दृष्टीने पाहू.

इसार दिला, नोटरी केली. घर माझे झाले काय?

नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ नुसार १०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री केवळ नोंदणीकृत दस्तानेच होते. इसारपावती हा सौदा ठरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे. साठेकरार म्हणजे पुढे विक्री करण्याचे वचन. खुद्द मालकी खरेदीखताने येते. नोटरीचा शिक्का सही कोणी केली एवढेच सांगतो. सही करणारा मालक होता की नाही, हे तो सांगत नाही.

साठेकरार करून ताबा घेतला असेल तर कायदा खरेदीदाराला काही संरक्षण देतो. पण २००१ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी साठेकरारही नोंदलेला असावा लागतो. म्हणून इसाराची रक्कम लहान ठेवावी आणि मोठी रक्कम नोंदणीच्या वेळीच द्यावी. दस्तावर सह्या झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. त्यानंतर आणखी ४ महिने दंड भरून नोंदणी होऊ शकते. पुढे मात्र दार बंद होते.

मुखत्यारपत्रावर घर घ्यावे काय?

मुंब्रा, भिवंडी, मालेगाव अशा गावांत आजही अनेक घरे केवळ मुखत्यारपत्र व ताबापावतीवर हातोहात फिरताना दिसतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट सांगितले की साठेकरार, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र अशी मोट बांधून मालकी हस्तांतरित होत नाही. मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी हा मार्ग धरणाऱ्याने आपले घरच धोक्यात घातलेले असते.

मालक परदेशात आहे आणि त्याच्या वतीने भाऊ खरेदीखतावर सही करतो, ही गोष्ट निराळी. ती कायदेशीर आहे. मात्र तीन गोष्टी पाहाव्यात. मुखत्यारपत्रात विक्रीचा अधिकार स्पष्ट लिहिला आहे काय? ते परदेशात केले असल्यास तेथील भारतीय दूतावासात साक्षांकित होऊन, राज्यात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्याला येथील मुद्रांक लागला आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ते देणारा माणूस आज हयात आहे काय? साध्या मुखत्यारपत्राचा अधिकार देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतो. त्यानंतर मुखत्याराने केलेल्या सहीला किंमत नाही.

वडिलांचे घर मुलगे विकत आहेत. बहिणींची सही लागते काय?

लागते. आपल्याकडे सर्वांत जास्त चूक होते ती येथेच, म्हणून हा प्रश्न सविस्तर पाहू.

मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात बाप हयात असेपर्यंत मुलांचा त्याच्या मिळकतीत जन्मतः हक्क नसतो. पण त्याचे डोळे मिटताच प्रत्येक वारसाचा ठराविक हिस्सा त्याच क्षणी त्याचा होतो. सात-बारावर किंवा मिळकत पत्रिकेवर नाव चढले नाही म्हणून तो जात नाही. फेरफाराची नोंद सरकारी महसुलासाठी असते. ती मालकी निर्माण करत नाही आणि बुडवतही नाही.

एक हिशेब करून पाहू. समजा एक सुन्नी गृहस्थ वारला. मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी आहे, आईवडील आधीच वारलेले आहेत. कर्ज व थकलेला मेहर फेडून झाल्यावर घराचे ४० भाग मानले, तर पत्नीचा एक अष्टमांश म्हणजे ५ भाग. उरलेल्या ३५ भागांत मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणजे प्रत्येक मुलाला १४ आणि मुलीला ७ भाग. आता दोन्ही भावांनीच खरेदीखत करून हे घर ४० लाखांना विकले, तर खरेदीदाराला मिळाले ४० पैकी २८ भाग. आईचे ५ आणि बहिणीचे ७, असे १२ लाखांचे १२ भाग त्याने पैसे मोजूनही त्याचे झाले नाहीत. एक वारस दुसऱ्याचा हिस्सा विकू शकत नाही, मग तो थोरला भाऊ का असेना.

“बहीण सासरी सुखी आहे, ती मागणार नाही” हे वाक्य अशा प्रत्येक सौद्यात ऐकू येते. ती आज मागत नसेल, उद्या तिची मुले मागतील. एका वारसाचा ताबा सहसा सर्व वारसांच्या वतीने धरला जातो, त्यामुळे नुसती वर्षे लोटली म्हणून तिचा हक्क संपला असे समजू नये. बहिणीला खरोखरच हिस्सा नको असेल तर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे, आणि तेही वडिलांच्या मृत्यूनंतर. बाप जिवंत असताना मुलींकडून लिहून घेतलेल्या हक्कसोडीवर विसंबू नये. जो हक्क अजून आलाच नाही, तो सोडणार कसा?

खरेदीदाराने यासाठी मृत्यूचा दाखला व सर्व वारसांची यादी मागावी. शेजारी, मोहल्ल्यातील जुनी माणसे यांच्याकडे चौकशी करावी. स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी. आणि सर्व वारसांना, बहिणींना व आईला धरून, विक्रेते म्हणून दस्तात उभे करावे. बहिणीचा हिस्सा तिच्या हाती पडेल असे पाहणे हा न्याय तर आहेच, खरेदीदाराचा विमाही आहे.

वारसांत लहान मुले असतील तर?

येथे दुप्पट सावध राहावे. नवरा गेल्यावर आई मुलांचा सांभाळ करते, म्हणून त्यांच्या मिळकतीवर सहीही तीच करील असे सर्वांना वाटते. पण मुस्लिम कायद्यात अज्ञान मुलाच्या मिळकतीचे पालकत्व वडील, वडिलांनी मृत्युपत्राने नेमलेली व्यक्ती, आजोबा (वडिलांचे वडील) व आजोबांनी तसे नेमलेली व्यक्ती यांच्याकडेच असते. आई, चुलता किंवा थोरला भाऊ यांनी अज्ञानाचा स्थावर हिस्सा विकला तर तो व्यवहार त्या हिश्श्यापुरता रद्दबातल ठरतो. प्रिव्ही कौन्सिलने हे १९१८ सालीच ठरवून दिले आहे. मार्ग एकच. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा आणि विक्रीची परवानगी काढावी. यात काही महिने जातील. परवानगीशिवाय घेतलेल्या घरात मूल सज्ञान होईपर्यंत धाकधूक राहील, त्यापेक्षा हे बरे.

सोसायटीत नॉमिनी आहे. तोच मालक ना?

नाही. सभासदाच्या मृत्यूनंतर सोसायटीला व्यवहार करण्यासाठी एक माणूस हवा असतो, तो नॉमिनी. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये इंद्राणी वाही खटल्यात सांगितले की सोसायटीने भाग नॉमिनीच्या नावे करावेत, पण त्याने वारसांचा मालकीचा दावा संपत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने तर नॉमिनीला वारस दाखल होईपर्यंतचा ‘तात्पुरता सभासद’ म्हटले आहे. तेव्हा नॉमिनीकडून फ्लॅट घेताना केवळ भागपत्रावरील नाव पाहून थांबू नये. बाकीच्या वारसांच्या सह्या येथेही लागतात.

तोंडी हिबा चालतो काय?

मुस्लिम कायद्यात देणाऱ्याने बक्षीस जाहीर करणे, घेणाऱ्याने ते स्वीकारणे आणि ताबा देणे या तीन गोष्टी झाल्या की हिबा पुरा होतो. लेखी दस्त अनिवार्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हाफिजा बीबी खटल्यात मान्य केले. पण कायद्याने चालणे निराळे आणि कोर्टात सिद्ध करणे निराळे. देणारा गेल्यावर साक्षीदारही पांगतात. म्हणून घर द्यायचे असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करावे. ताबा न देता केवळ कागद करून ठेवू नये. मृत्युपत्राची गोष्ट वेगळी. दफनखर्च व कर्ज वजा जाता उरलेल्या मिळकतीच्या एक तृतीयांशापलीकडे, किंवा वारसालाच दिलेले मृत्युपत्र इतर वारसांच्या संमतीशिवाय टिकत नाही.

पैसा माझा, नाव भावाचे

कोकणातील कितीतरी घरे आखातातल्या पैशावर उभी आहेत. नोकरी करणारा तिकडे, दस्त मात्र गावातल्या भावाच्या नावे. भाऊ प्रामाणिक असेल, पण तो गेल्यावर घर त्याच्या पत्नी-मुलांच्या वारसाहक्कात जाते. बेनामी व्यवहार कायदा १९८८, जो २०१६ मध्ये कडक झाला, ‘नाव त्याचे पण घर माझे’ असा दावा लावण्याला मनाई करतो. पत्नी किंवा मुलांच्या नावे ज्ञात उत्पन्नातून घेतलेल्या मिळकतीला सूट आहे. भावाबहिणीच्या बाबतीत मात्र दस्तात आपले स्वतःचे नाव सहमालक म्हणून असावे लागते. अनिवासी भारतीयाला येथे राहते घर घेण्यास परवानगी आहे, फक्त शेतजमीन, मळा व फार्महाऊस विकत घेता येत नाही. तेव्हा दस्तात आपले नाव असावे, पैसा बँकेतून यावा आणि त्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात. या प्रकारात राहिलेली सही खुद्द आपलीच असते.

बिल्डरकडून नवे घर घेताना

५०० चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड किंवा ८ पेक्षा जास्त सदनिका असलेला प्रकल्प महारेराकडे नोंदलेला असला पाहिजे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. जागेचा हिशेब चटईक्षेत्रावर करावा आणि भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा घेऊ नये.

पण इमारत उभी राहिली, सोसायटी झाली, तरी पायाखालची जमीन कोणाची? जमीनमालक व बिल्डर यांनी सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण करून दिलेले नसेल, तर जमीन अजून त्यांचीच आहे. इमारत जुनी झाल्यावर पुनर्विकासाच्या वेळी याचा फटका बसतो. ते सही करत नसतील तर २००८ च्या दुरुस्तीने मिळालेला मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग सोसायटीने जिल्हा उपनिबंधकाकडे धरावा.

पागडीचे घर

पागडी देऊन आपण भाडेकरूचा हक्क घेतो, मालकी नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ ने पागडी घेण्यादेण्यास मान्यता दिली आहे, परंतु घरमालकाची संमती हवी. घरमालकाला वगळून जुन्या भाडेकरूशी परस्पर केलेला सौदा कच्चा आहे. भाडेपावती आपल्या नावे होईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये.

पैसे देण्यापूर्वी

मूळ कागद पाहावेत, झेरॉक्स नव्हे. मूळ कागद नसतील तर ते बँकेत गहाण आहेत काय याचा शोध घ्यावा. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात वकिलामार्फत ३० वर्षांचा शोध घेऊन अहवाल लेखी घ्यावा. सोसायटीचे थकबाकी नसल्याचे पत्र घ्यावे. इसार म्हणून २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख देणे-घेणे २०१५ पासून बंद आहे. ५० लाख व त्यावरील सौद्यात विक्रेता येथील रहिवासी असेल तर खरेदीदाराने १ टक्का आयकर कापून भरायचा असतो. विक्रेता अनिवासी असेल तर कपात पुष्कळ जास्त असते आणि ती चुकल्यास जबाबदारी खरेदीदारावर येते. मुद्रांक शुल्क दस्तातील किंमत व सरकारी मूल्य दर तक्त्यातील किंमत यांपैकी जी जास्त असेल तीवर लागते, त्यामुळे दस्तात किंमत कमी दाखवून ते हमखास वाचेल असे नाही.

वकिलाची फी घराच्या किमतीपुढे क्षुल्लक असते. तरीही ती वाचवण्याकडे आपला कल असतो. निदान एवढे करावे : सौदा ठरला की वहीच्या एका पानावर या घरावर हक्क सांगू शकेल अशा प्रत्येक माणसाचे नाव लिहावे. विधवा आई, सासरी गेलेली बहीण, परदेशातला भाऊ, अज्ञान पुतण्या, घरमालक, बँक. मग दस्त शेजारी ठेवून एकेका नावापुढे खूण करत जावी. ज्या नावापुढे खूण होत नाही, त्याची सही मिळेपर्यंत पैसे आपल्याच खात्यात राहू द्यावेत.