इंटरनेट मंद आहे? प्लॅन वाढवण्यापूर्वी केबल तपासा

घरी संगणक ठेवून डीटीपी, हिशेब लिहिणे, जीएसटीची विवरणपत्रे भरणे असे उद्योग करणारे आपले अनेक बंधू-भगिनी आहेत. त्यांच्याकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. ३०० मेगाबिटचा प्लॅन घेतला, संगणकाला थेट केबल जोडली, तरी वेग ९५ च्या पुढे सरकत नाही. मग आणखी मोठा प्लॅन घेण्याचा विचार सुरू होतो. असा खर्च करण्यापूर्वी अर्धा तास तपासणीसाठी द्यावा.

प्रथम हिशेब समजून घेऊ. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, तर फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. त्यामुळे ३०० मेगाबिटच्या प्लॅनवर सेकंदाला फार तर ३७ मेगाबाइट उतरतात. तेवढा आकडा दिसला तर आपली फसवणूक झाली असे समजू नये.

आता ९५ चे कोडे. लॅन केबलमध्ये ८ तारा, म्हणजे ४ जोड्या असतात. १०० मेगाबिटच्या जोडणीला त्यातील २ जोड्या पुरतात आणि प्रत्यक्षात ९४-९५ मेगाबिट हाती लागतात. १९९९ साली प्रमाणित झालेल्या १००० मेगाबिटच्या पद्धतीला मात्र चारही जोड्या लागतात. एखादी तार तुटली किंवा प्लगमध्ये नीट बसली नाही, की बहुतेक उपकरणे आपोआप १०० वर उतरतात. इंटरनेट चालूच राहते, म्हणून दोष लक्षात येत नाही.

तपासणी या क्रमाने करावी :

१) विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट असे जाऊन 'लिंक स्पीड' पाहावा. तेथे १००० हवे. १०० दिसल्यास दोष घरातच आहे.

२) 'कॅट ५ई' किंवा त्याहून वरच्या दर्जाची, आठही तारा असलेली दुसरी केबल लावून पाहावी.

३) फरक पडला नाही, तर राऊटरचा दुसरा पोर्ट वापरावा. काही स्वस्त राऊटरचे व जुन्या संगणकांचे पोर्ट मुळातच १०० चे असतात. तेथे केबल बदलून उपयोग नाही.

४) लिंक १००० ची असूनही वेग कमी असेल, तर पाठीमागे चाललेले अपडेट व बॅकअप थांबवावेत, घरातील इतर उपकरणे बंद ठेवावीत आणि सकाळी, दुपारी, रात्री स्पीड टेस्ट घ्यावी. वेग फक्त रात्री घसरत असेल, तर गर्दी बहुधा सेवा देणाऱ्याच्या लाइनवर आहे. तारीख, वेळ व आकडे वहीत लिहून तक्रार नोंदवावी. नुसत्या 'नेट स्लो आहे' या तक्रारीपेक्षा आकड्यांची दखल लवकर घेतली जाते.

केबलचा खर्च एकदाच होतो. मोठ्या प्लॅनचे जादा पैसे मात्र दरमहा जातात, आणि केबल सदोष असेल तर तेवढे भरूनही वेग ९५ वरच राहतो.