रावबहादूर बोले आणि त्यांचा १९२३ चा ठराव

गेल्या पावसाळ्यात आपल्या संस्थेच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, १९२३ सालीच पाणवठे खुले झाले होते, तर १९२७ साली बाबासाहेबांना महाडला जावे का लागले?" प्रश्न अगदी रास्त होता. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख.

१९२३ चा ठराव मांडणारे गृहस्थ म्हणजे रावबहादूर सीताराम केशव बोले. ते जातीने भंडारी. मुंबईच्या गिरणी कामगारांत त्यांचे काम होते. कामगार हितवर्धक सभेच्या प्रमुख मंडळींत त्यांचे नाव येते. आपल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. विद्यार्थी भीमरावांच्या ज्या सत्कारसभेत दादा केळूसकरांनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले, त्या सभेचे अध्यक्ष, धनंजय कीरांच्या चरित्रानुसार, बोलेच होते. पुढे हेच बोले मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले.

कायदेमंडळाच्या सभासदाच्या हातात मुख्यतः दोन साधने असतात, विधेयक आणि ठराव. बोले यांनी दोन्ही वापरली. विवाहादी विधी कोणाकडूनही करून घेतले तरी गावच्या वतनदार जोशाला दक्षिणा द्यावी लागे. न दिल्यास तो कोर्टात जाई. सत्यशोधक मंडळींना याचा फार जाच झाला. बोले यांच्या विधेयकामुळे १९२६ साली कायदा झाला आणि हा हक्क संपला. तो कायदा असल्यामुळे कोर्टाला मानणे भाग होते.

पाणवठ्यांचे मात्र तसे नव्हते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंडळाने संमत केला तो ठराव. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, अशी त्यात शिफारस होती. शिफारस हा शब्द विद्यार्थ्यांनी अधोरेखित करून ठेवावा. पाळली नाही म्हणून शिक्षा होईल, अशी त्यात तरतूद नव्हती.

त्यावर ११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारी आदेश निघाला. आम्हा बँकेतल्या कारकुनांचा जन्म परिपत्रके वाचण्यात जातो, त्यामुळे अशा कागदातली मेख लवकर दिसते. सरकारच्या स्वतःच्या मालकीच्या जागांपुरता खातेप्रमुखांनी ठराव अंमलात आणावा, असे आदेशात होते. नगरपालिका आणि लोकल बोर्डांनी मात्र ठराव स्वीकारण्याचा विचार करावा, असे कलेक्टरांनी त्यांना सुचवायचे होते. एकाला "अंमल करा", दुसऱ्याला "विचार करा"! आणि गावोगावचे पाणवठे बहुतांशी दुसऱ्याच्याच हाती.

महाडच्या नगरपालिकेने विचार केला, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सुधारक तेथे होते. जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव झाला. तरीही तीन वर्षे स्पृश्यांच्या धाकाने अस्पृश्यांचा कोणी तळ्यावर गेला नाही. इकडे बोले स्वस्थ बसले नव्हते. जी नगरपालिका वा बोर्ड ठराव पाळणार नाही तिचे सरकारी अनुदान बंद करावे, असा दुसरा ठराव त्यांनी ५ ऑगस्ट १९२६ रोजी मांडला. पैशाची नाडी आवळल्याशिवाय कागद हलत नाही, हे ते तीन वर्षांत शिकले होते.

१९ मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली. तळे कागदावर खुले होते, पण परिषदेच्या मंडळींना पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी स्पृश्यांकडून विकत घ्यावे लागले. ही रक्कम मला कुठल्याही भाषणापेक्षा बोलकी वाटते. दुसऱ्या दिवशी अनंतराव चित्रे यांनी नगरपालिकेच्या ठरावाची आठवण करून दिली आणि बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो लोक तळ्यावर गेले. परतलेल्या लोकांवर लाठ्या चालल्या, हे आपण जाणतोच.

त्यानंतर महाडच्या नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. तारीख होती ४ ऑगस्ट १९२७, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी. डिसेंबरात स्पृश्यांनी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. तळे सार्वजनिक नसून खाजगी आहे, असे त्यांचे म्हणणे. बोले ठरावाची सगळी मदार सार्वजनिक मालकीवर होती, म्हणून घाव तेथेच घातला गेला. तळे नगरपालिकेचे ठरले. मग राहिला प्रश्न रूढीचा. फक्त स्पृश्यांनीच तळे वापरण्याची अनादिकाळची रूढी सिद्ध होत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. तोवर बोले यांच्या ठरावाला साडेतेरा वर्षे उलटून गेली होती.