विहिरीच्या भिंतींवरील भूगर्भशास्त्र

महसूल खात्यांत कारकुनी करितांना आमच्या हातून जितक्या विहिरींची नोंद झाली, तितक्या विहिरी आम्हीं डोळ्यांनीं पाहिल्या नाहींत, हें प्रारंभींच कबूल केलेलें बरें. सातबाऱ्यावर विहीर लागे ती एका ओळीनें, आणि तिच्यासाठीं काढलेल्या कर्जाचा बोजा चढे तो दुसऱ्या ओळीनें. विहिरीस पाणी लागलें कीं नाहीं, हें दप्तर सांगत नसे. बोजाची ओळ मात्र वर्षानुवर्षें तशीच राही आणि पुढें वारसांच्या नांवासमोर येऊन बसे. एका गांवचे लागोपाठचे दोन गट आम्हांस चांगले आठवतात. पहिल्या गटांत बत्तीस फुटांवर पाणी लागून उन्हाळी भुईमूग होत असे; बांधापलीकडच्या दुसऱ्या गटांत पंचावन्न फूट खोदूनहि पोहऱ्याचें बूड भिजेना. दोन्ही जागा एकाच पाणाड्यानें दाखविल्या होत्या. दुसऱ्या गटाचा मालक कचेरींत येई तेव्हां "आमचें नशीब" एवढेंच बोले, आणि आम्हींहि मान डोलावीत असूं.

सेवानिवृत्त झाल्यावर सवड मिळाली. भूगर्भशास्त्रावरील चार सोपीं पुस्तकें वाचलीं, आणि वैशाखांत पाणी खालीं गेलें म्हणजे ज्याच्या त्याच्या परवानगीनें विहिरींत उतरून भिंती न्याहाळण्याचा छंद लागला. आमचें शिक्षण मराठी शाळेपुरतें. सबब शास्त्रीय परिभाषेचा आव न आणतां, जें समजलें तें शेतकरी बंधूंपुढें मांडीत आहों.

आपल्या प्रांताचा बहुतेक भाग ज्या काळ्या दगडावर वसला आहे त्यास शास्त्रज्ञ बेसॉल्ट म्हणतात. हा दगड एके काळीं वाहता रस होता. ज्वालामुखी म्हटला कीं शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या शिखरांतून निघणारा धूर डोळ्यांपुढें येतो. परंतु आपल्याकडील प्रकार बराचसा निराळा होता. येथें जमिनीस मैलोगणती लांब भेगा पडल्या, आणि त्यांतून सुमारें अकराशें अंश सेल्सिअस उष्णतेचा रस उतूं जाऊन सपाटीवर पसरला. असा उद्रेक माणसांच्या डोळ्यांदेखत घडल्याचें उदाहरण आइसलंड बेटांतील लाकी येथें आहे. तेथें 1783 सालच्या जून महिन्यांत सुमारें सत्तावीस किलोमीटर लांबीची भेग उघडली व आठ महिने धुमसत राहिली. रसाखालीं जमीन गेली ती गेलीच, पण खरा घात विषारी वायूंनीं केला. कुरणांतील गवत दूषित झालें, बेटावरील निम्म्याहून अधिक जनावरें मेलीं, आणि मागून आलेल्या दुष्काळांत माणसांपैकीं सुमारें एकपंचमांश दगावलीं. आपल्या दख्खनचा उद्रेक याच्या कितीतरी पट मोठा होता. तो सुमारें 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीं झाला. पुष्कळसा रस दहा लक्ष वर्षांहूनहि कमी अवधींत बाहेर पडला, आणि झीज होऊन उरलेला त्याचा विस्तार आजहि सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर भरतो.

हें येथेंच कां घडलें? पृथ्वीचें कवच कलिंगडाच्या सालीसारखें एकसंध नाहीं. तें मोठ्या व लहान अशा अनेक भूपट्टांचें बनलेलें आहे, आणि हे भूपट्ट वर्षाकांठीं कांहीं सेंटिमीटर सरकत असतात. खंडें सरकतात ही कल्पना आल्फ्रेड वेगेनर या जर्मन विद्वानानें 1912 सालीं मांडली, तेव्हां बहुतेक भूगर्भवेत्त्यांनीं ती धुडकावून लाविली. तो 1930 सालीं ग्रीनलंडच्या बर्फांत मरण पावला. त्याच्या कल्पनेस भक्कम आधार मिळाले ते समुद्रतळाच्या संशोधनानंतर, म्हणजे 1960 नंतरच्या दशकांत. आपली भूमि प्राचीन काळीं आफ्रिका, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका यांस जोडलेली होती. त्या अखंड भूमीस गोंडवन असें नांव आहे, आणि तें आपल्या मध्य हिंदुस्थानांतील गोंडांच्या मुलुखावरून पडलें आहे. तींतून सुटून आपला भूपट्ट उत्तरेकडे निघाला. वाटेंत तो एका तप्त स्थानावरून गेला, व त्या वेळीं दख्खनचा उद्रेक झाला, असें बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. तें तप्त स्थान अद्यापि थंड झालेलें नाहीं. हिंदी महासागरांतील रेयुनियाँ बेटावरचा ज्वालामुखी आजहि त्याच्याच बळावर पेटतो. चूल आपल्या जागीं राहिली आणि तवा पुढें सरकला, असा हा प्रकार होय. पुढें आपला भूपट्ट आशिया खंडावर जाऊन आदळला व हिमालय उभा राहूं लागला. तो रेटा अजून संपलेला नाहीं.

आतां शेतकऱ्याच्या कामाचा मजकूर. हा रस एकदांच येऊन थांबला नाहीं. एकावर एक असे कित्येक थर सांचले. सह्याद्रीच्या कड्यांकडे दुरून पाहिलें असतां ज्या आडव्या पायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या होत. या खडकास 'ट्रॅप' म्हणतात तो शब्दहि जिन्याच्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. पश्चिमेस हे थर फार जाड आहेत. पूर्वेकडे ते पातळ होत जातात. कोयनेच्या परिसरांत संशोधनासाठीं पाडलेल्या छिद्रांत सुमारें एक किलोमीटरपर्यंत काळा खडकच लागला, आणि मग ग्रॅनाइट आला. उलट 1993 सालीं भूकंप झालेल्या किल्लारीस हा खडक 338 मीटरांवरच संपला.

दोन थरांच्या मध्यें कधीं कधीं बराच काळ लोटे. तेवढ्या काळांत खालच्या थराचा माथा कुजून माती होई, तळीं सांचत, झाडें उगवत, आणि मग नवा रस येऊन सर्व झांकून टाकी. नागपूरजवळच्या टाकळी येथें स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यानें अशाच मधल्या थरांतून गोड्या पाण्यांतील शंखांचे व वनस्पतींचे अवशेष गोळा केले, त्यास आतां पावणेदोनशें वर्षें होत आलीं. आपल्या विहिरींत शंख सांपडतील असें नाहीं. पण गेरूसारख्या तांबड्या मातीचा वीत-दोन वीत पट्टा पुष्कळ ठिकाणीं दिसतो. तो दिसला कीं एक थर संपून दुसरा लागला असें समजावें.

एका थराचें अंतरंग कसें असतें हें गुऱ्हाळ पाहिलेल्यास सांगावें लागत नाहीं. काहिलींतील रस कढत असतां फेस वर येतो आणि तळाशीं दाट रस राहतो. तद्वत् या रसांतील वायु बुडबुड्यांच्या रूपानें माथ्याकडे चढले व रस थिजतांना तेथेंच अडकले. म्हणून थराचा माथा सच्छिद्र आणि मधला भाग घट्ट असतो. सच्छिद्र खडकास कित्येक भागांतले विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. घट्ट भाग तो काळा पाषाण. मांजऱ्याच्या छिद्रांत पुढें पाण्याबरोबर आलेलीं पांढरीं, हिरवट, गुलाबी खनिजें भरलीं. पुणें, नाशिक, जळगांव या जिल्ह्यांतील खाणींत निघालेले स्टिल्बाइट व अपोफिलाइट यांचे स्फटिक परदेशांतील संग्रहालयांत कांचेआड ठेवलेले असतात. आमच्याकडे तेच विहिरीच्या ढिगाऱ्यावर पडून असतात आणि मुलें त्यांचे खडे खेळतात.

छिद्रें आहेत म्हणून मांजऱ्यांत पाणी असणारच, ही समजूत मात्र चुकीची आहे. तीं छिद्रें खनिजांनीं बुजलेलीं व एकमेकांपासून अलग असतात. पाणी राहतें तें भेगांत, आणि कुजून भुसभुशीत झालेल्या भागांत. मांजऱ्या लवकर कुजतो, त्यास आडव्या चिरा पडतात, म्हणून तो बहुधा उपयोगी ठरतो. काळा पाषाण कठीण असला तरी त्यास उभ्या भेगा असतील तर तोहि पाणी देतो. भेगा नसतील तर त्यांत सुरुंगामागून सुरुंग उडवणें म्हणजे दारूचा खर्च. तांबडा पट्टा स्वतः फारसें पाणी देत नाहीं. चिकण असल्यामुळें तो वरून मुरलेलें पाणी अडवून धरतो, आणि म्हणून पुष्कळदां झरा त्याच्या लगत वर सांपडतो.

याच खडकाच्या कुजण्यानें प्रथम मुरूम होतो आणि मुरमाची पुढें काळी जमीन होते. चुना, मॅग्नेशियम व लोह हीं या दगडांतूनच आलेलीं आहेत. ओलीनें फुगणारी व सुकतांना भेगाळणारी तिची चिकणमाती हीहि याच दगडाची संतति, आणि तिनें धरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते. नत्र मात्र दगडांत नाहीं. तें शेणखत, कडधान्याचीं पिकें आणि वरखतें यांतूनच यावयाचें.

मग नवी जागा ठरवितांना काय करावें? पाणाड्यास नारळ-दक्षिणा देण्यापूर्वीं शेजारच्या दोन-तीन विहिरींत उन्हाळ्यांत उतरावें. मुरूम किती फुटांवर संपला, मांजऱ्या कोठें लागला, तांबडा पट्टा आहे कीं नाहीं, आणि पाझर नेमका कोणत्या रेषेवर आहे हें मोजून लिहून ठेवावें. गवंडी पाणसळ काढण्यास जी पारदर्शक नळी वापरतो तिनें त्या रेषेची पातळी टप्प्याटप्प्यानें आपल्या शेतांत आणावी. थर बहुधा जवळजवळ आडवे असल्यामुळें ती रेषा आपल्या जमिनीखालीं किती खोल येईल याचा अदमास निघतो. ओढ्याच्या कापलेल्या कांठावर तेच थर फुकट पाहावयास मिळतात. टेंकडीच्या उतारावर एकाच उंचीनें ओळीनें उंबर, करंज अशीं झाडें हिरवीं दिसत असतील, तर त्या ओळीखालीं दोन थरांचा सांधा असण्याचा संभव असतो.

यास अपवाद आहेत व ते महत्त्वाचे आहेत. पश्चिम भागांत पुष्कळ ठिकाणीं रस एकसंध चादरीसारखा न पसरतां लहान लहान जिभांनीं पुढें सरकला. तेथें शंभर पावलांतहि मांजऱ्या व पाषाण यांची अदलाबदल होते, सबब अगदीं लगतच्या विहिरीवरच भिस्त ठेवावी. धुळें-नंदुरबारकडे थरांस छेदून उभ्या राहिलेल्या काळ्या दगडाच्या भिंती लांबवर गेलेल्या दिसतात. त्या पाण्याच्या वाटेंत आडव्या येत असतील तर वरच्या अंगास पाणी अडतें आणि खालच्या अंगास तुटतें. तापी व पूर्णा यांच्या कांठीं खडकावर नदीच्या गाळाचे जाड थर आहेत, आणि पूर्णाकांठच्या पट्ट्यांत तर पाणीच खारें आहे. तेथें हा हिशेब लागू नाहीं. पूर्व विदर्भ व दक्षिण कोंकण यांचा खडकच निराळा.

कूपनलिकेविषयीं आमचें मत पुष्कळांस रुचणार नाहीं. पावसाचें पाणी मुख्यत्वें वरच्या कुजलेल्या व भेगाळ भागांत मुरतें. खोल पाषाणांतील एखाद्या सांध्यांत पाणी लागलें तरी तेथवर नवें पाणी पोंचण्यास वेळ लागतो. पहिल्या वर्षीं धो धो आलेली नळी तिसऱ्या वर्षीं धूळ ओकतांना आम्हीं पाहिली आहे. 1972 च्या दुष्काळांत राज्यानें भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापिली. तिचे भूवैज्ञानिक जिल्ह्याच्या ठिकाणीं असतात. त्यांस जाऊन विचारण्यास एस.टी.च्या भाड्याइतका खर्च येतो.

आरंभीं सांगितलेल्या त्या दोन विहिरींत आम्हीं गेल्या वैशाखांत उतरलों. पहिलींत मुरमाखालीं कुजका मांजऱ्या, त्याच्या तळाशीं तांबडा पट्टा, आणि पट्ट्याच्या वर हातभर जागेंतून ठिबकणारें पाणी. दुसरींत बारा फुटांपासून तळापर्यंत काळा पाषाण, भेग म्हणून नाहीं. रसाची एक जाड जीभ नेमकी तेथें थिजली होती, आणि त्या माणसानें त्रेचाळीस फूट तिच्याच पोटांत सुरुंग लाविले होते. तो आतां हयात नाहीं. त्याच्या नातवास घेऊन आम्हीं ओढ्याचा कांठ पाहिला. त्याच्याच गटाच्या खालच्या कोपऱ्यास मांजऱ्या उघडा पडलेला दिसला, म्हणून नळीनें पातळी काढून त्याच्या वरच्या अंगास खूण केली. त्यानें यंदा तेथें काम धरलें आहे. हा लेख लिहीत असतां खोदाई एकोणीस फुटांवर आली असून मुरूम संपून मांजऱ्या लागला आहे. तांबडा पट्टा अजून दिसावयाचा आहे.