राजा सिफियस आणि राजा वृषपर्वा

कोल्हापूरच्या पश्चिमेस, पंचगंगेच्या काठी, ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १९४५ च्या सुमारास तेथे उत्खनन झाले आणि सातवाहनकालीन वस्तीच्या खुणा उजेडात आल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. सांकलिया व डॉ. दीक्षित यांनी या स्थळाचा अभ्यास केला. ब्रह्मपुरीत मिळालेल्या ब्राँझच्या वस्तूंपैकी काही दूरच्या रोमन साम्राज्यातून व्यापाराच्या वाटेने आलेल्या होत्या. त्यांत वीतभरही उंची नसलेली एक सुबक मूर्ती होती. ती ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची. दुसरी वस्तू म्हणजे एक वर्तुळाकार पदक. त्यावर पर्सियस नावाचा वीर आणि अँड्रोमेडा नावाची राजकन्या कोरलेली आहे. मुलांनो, हा समुद्रदेव आणि ही राजकन्या एकाच कथेतील आहेत.

ती कथा अशी. इथिओपियाचा राजा सिफियस याची राणी कॅसिओपिया ही अत्यंत रूपवती होती. पण तिला रूपाचा गर्व फार. सागरकन्यांपेक्षाही आपण सुंदर आहोत, असे ती बोलून गेली. हे ऐकून पोसायडन कोपला. त्याने देशावर महापूर आणि एक भयंकर जलचर राक्षस सोडला. प्रजा त्राहि त्राहि करू लागली. राजाने देववाणीचा कौल घेतला. उत्तर आले, 'राजकन्या राक्षसाला अर्पण कर.' एकीकडे प्रजा, दुसरीकडे पोटची मुलगी! प्रजेच्या दडपणाखाली अखेर राजा नमला. अपराध आईचा, आणि समुद्रकाठच्या खडकाला साखळदंडांनी जखडली गेली ती निरपराध अँड्रोमेडा.

त्याच वेळी मेडुसा नावाच्या राक्षसीचा वध करून पर्सियस त्या मार्गाने परतत होता. त्याने मुलीच्या आईवडिलांकडे तिचा हात मागितला. त्यांनी तो तर दिलाच, वर राज्यही देऊ केले. पर्सियसने राक्षसाला ठार केले. परंतु लग्नसमारंभात राजाचा भाऊ फिनियस सशस्त्र माणसे घेऊन आला, कारण अँड्रोमेडा आधी त्याची वाग्दत्त वधू होती. तेव्हा सिफियसने त्यालाच खडसावले, की ती खडकाला बांधली होती तेव्हा तू कोठे होतास? प्रश्न योग्यच होता. मात्र तो विचारण्याचा अधिकार सिफियसला कितपत होता, हे तुम्हीच ठरवा. शेवटी पर्सियसने मेडुसाचे मस्तक उंच धरले आणि ते पाहताच फिनियस व त्याचे साथीदार शिळा होऊन राहिले.

ग्रीकांनी या सर्व मंडळींना आकाशात स्थान दिले. मराठी खगोलग्रंथांत त्याच तारकासमूहांना महाभारतातील नावे आहेत: सिफियस तो वृषपर्वा, कॅसिओपिया ती शर्मिष्ठा, अँड्रोमेडा ती देवयानी आणि पर्सियस तो ययाति. नाती मात्र बदलतात. शर्मिष्ठा ही वृषपर्व्याची राणी नव्हे, कन्या. आणि देवयानी ही त्याचे गुरू शुक्राचार्य यांची मुलगी. रागाच्या भरात शर्मिष्ठेने देवयानीला विहिरीत ढकलले. ययातीने तिला बाहेर काढले. संतापलेले शुक्राचार्य राज्य सोडून निघाले, तेव्हा वृषपर्व्यापुढेही तोच पेच उभा राहिला. देवयानीने शर्मिष्ठेला दासी म्हणून मागितले. येथे एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे: अपराध शर्मिष्ठेचा स्वतःचा होता, आणि आपल्या कुळाचे संकट टळावे म्हणून तिने दास्य स्वतः पत्करले. कोल्हापूरवासी वि. स. खांडेकर यांची १९५९ सालची 'ययाति' ही कादंबरी मोठे झाल्यावर अवश्य वाचा. तिला १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला.

नोव्हेंबरच्या अखेरीस रात्री आठ-नऊच्या सुमारास गावाच्या दिव्यांपासून दूर जाऊन उत्तरेकडे तोंड करा. पाच ताऱ्यांची शर्मिष्ठा रोमन लिपीतील 'एम्' अक्षरासारखी दिसेल. तिच्या डावीकडे, खालच्या अंगाला अंधूक वृषपर्वा आणि उजवीकडे ययाति. देवयानी पुष्कळ वर, जवळजवळ डोक्यावर असते. तिच्या मस्तकाचा तारा आपल्या उत्तराभाद्रपदा नक्षत्रातलाच आहे. काळोख गडद असेल तर तिच्यात एक पुसट, धुरकट ठिपका नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. तो तारा नव्हे, आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी दीर्घिका आहे. तिचा प्रकाश आपल्यापर्यंत येण्यास सुमारे २५ लाख वर्षे लागतात.