तांबूस ठिपके : पेण-रोहा रस्त्यावर शिकलेल्या गोष्टी

घर पेणला आणि नोकरी रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत. त्यामुळे वडखळ, नागोठणे, भिसे खिंड हा रस्ता रोजचा. गाडी पांढरी, आणि पांढऱ्या रंगावर काही लपत नाही. ज्यांच्या गाडीवर टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके आले आहेत आणि ‘गाडी सडायला लागली’ या धास्तीने जे डेंटर-पेंटरकडे निघाले आहेत, त्यांनी निघण्याआधी हे वाचावं.

१. ठिपका बहुतेक वेळा बाहेरून आलेला असतो.
रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो, ज्याला आपले पेंटर लॅकर म्हणतात, तो जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ. लोखंडाचा बारीक कण हवेतून येऊन त्यावर बसतो. तापलेला असेल तर आत रुततो. दमट हवेत तो कण गंजतो, गंज आजूबाजूला पसरतो आणि सहज न दिसणाऱ्या कणाचा डोळ्यांत भरणारा डाग होतो. खालचा पत्रा मात्र ठणठणीत असतो. असे डाग बॉनेट, टप, डिकी अशा आडव्या भागांवर जास्त दिसतात.

खऱ्या गंजाची लक्षणं वेगळी. तिथे खडी लागून रंगाचा टवका उडालेला असतो किंवा कडेने रंग फुगलेला असतो, आणि नखाने दाबलं की पापुद्रा सुटतो. दरवाज्यांच्या खालच्या कडा आणि मडगार्डची आतली बाजू या त्याच्या आवडीच्या जागा. खाडीकाठच्या खारेपाटात गाडी उभी राहत असेल तर तो भराभर वाढतो, कारण खाडीवरून येणारं मीठ ओलावा धरून ठेवतं. त्यावर बाटलीतलं कोणतंही द्रावण चालत नाही. घासून, प्रायमर मारून, पुन्हा रंगच द्यावा लागतो, आणि हे काम पावसाळ्याच्या तोंडावर ढकलू नये.

२. काच आणि बंपर आधी बघा.
आमच्या इमारतीत गॅलऱ्यांना लोखंडी जाळ्या बसवायचं काम निघालं. ग्राइंडर पार्किंगच्या तोंडाशीच चालू होता आणि ठिणग्या थेट गाड्यांवर उडत होत्या. पुढे पाऊस पडून गेला आणि रांगेतल्या सगळ्या गाड्यांवर ठिपके उमटले. कुणी शोरूमला दोष देऊ लागलं, कुणी रंगाच्या दर्जाला. तेव्हा शेजारच्या काकांनी पुढच्या काचेवर बोट फिरवलं आणि म्हणाले, “अहो, काच कधी गंजते का?”

डाग ओळखण्याची याहून सोपी रीत मला माहीत नाही. हल्लीच्या गाड्यांचा बंपर प्लास्टिकचा असतो. काचेवर किंवा बंपरवर तांबूस ठिपका असेल तर तो बाहेरचाच, हे तिथेच सिद्ध झालं.

बाहेरून म्हणजे कुठून, याची उत्तरं आपल्याकडे अनेक आहेत. फॅब्रिकेशनची दुकानं आहेत, रस्त्याकडेला चालणारं वेल्डिंग आहे, आणि रेल्वे आहे. रोह्यापासून कोकण रेल्वेची हद्द सुरू होते आणि १९९८ पासून तो मार्ग पूर्ण चालू आहे. चाकं रुळांवर घासतात, ब्रेक लागतात, तेव्हा लोखंडाचा भुगा उडतो. परदेशात रेल्वेने येणाऱ्या नव्याकोऱ्या गाड्यांवरही असे ठिपके आढळायचे, म्हणून तिकडे त्याला ‘रेल डस्ट’ म्हणतात. स्टेशनलगत दिवसभर गाडी लावून मुंबईला जाणाऱ्यांनी जमेल तर रुळांपासून थोडं लांब लावावी. ग्राइंडर चालू दिसला तर गाडी हलवा किंवा वर जाड कापड टाका. कारागिराला तोंड फिरवून काम करायला सांगितलं तर तो ऐकतो, असा माझा अनुभव आहे.

३. चाकांवरचा भुगा आपल्याच ब्रेकचा.
अलॉय चाक हे ॲल्युमिनियमचं, ते तांबडं गंजत नाही. त्यावरचा तपकिरी थर म्हणजे डिस्क आणि पॅड झिजून निघालेली पूड. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे येतो, म्हणून पुढची चाकं जास्त काळी-तांबूस होतात. बऱ्याच गाड्यांना मागे ड्रम असतो, तिथली पूड बरीचशी आतच राहते. भिसे खिंड किंवा सुकेळी खिंड उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवण्याऐवजी खालच्या गिअरमध्ये उतरलं तर पॅड टिकतात आणि रिमही स्वच्छ राहते. स्टीलच्या रिमची गोष्ट निराळी. व्हीलकॅप काढून बघितलं तर नट आणि कडा खरोखर गंजलेल्या असू शकतात.

४. धुतल्यावर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून फिरवा.
उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा रंग पिशवीतून खरखरीत लागतो. जिथे खरखर, तिथे कण रुतलेले.

५. घासू नका, विरघळवा.
माझं सगळ्यात आग्रहाचं म्हणणं हेच आहे. लोखंडाचा कण लॅकरपेक्षा कठीण असतो. काथ्याने, घासणीने किंवा कोरड्या फडक्याने जोर लावला तर तोच कण रंगावर ओरखडे ओढत जातो. वॉशिंग सेंटरवर रबिंग-पॉलिशचा सल्ला लगेच मिळतो, पण कण आत असताना रबिंग करणं म्हणजे डाग घालवण्यासाठी लॅकरच घालवणं.

आयर्न रिमूव्हर नावाने जे द्रावण मिळतं, त्यात बहुधा थायोग्लायकोलेट वर्गातलं रसायन असतं. ते गंजलेल्या लोखंडाशी संयोग पावून त्याला पाण्यात विरघळणाऱ्या रूपात आणतं आणि तेव्हा जांभळा रंग सुटतो. पांढऱ्या गाडीवर जांभळे ओघळ उतरायला लागले की समजावं, काम होतंय. वास उग्र असतो, सडक्या अंड्यासारखा. उघड्यावर, हातमोजे घालून करावं.

गाडी सावलीत आणि थंड असू द्या. खिंड उतरून आल्याबरोबर तापलेल्या चाकावर कधीही मारू नका. आधी साध्या शाम्पूने धूळ-चिखल काढा, मग फवारा, बाटलीवर लिहिलेली मिनिटं थांबा, आणि सुकण्याआधी भरपूर पाण्याने धुऊन टाका. एका वेळी एकच भाग घ्या. रंगावर सुकलं तर त्याचेच डाग पडतात. जुना डाग पहिल्या खेपेला पुसट होतो, पुरता जात नाही. तेव्हा जोर वाढवायचा नाही, काही दिवसांनी पुन्हा फवारायचं.

६. उरलेल्यासाठी क्ले.
चिकणमातीसारखा हा गोळा शाम्पूच्या पाण्यात भिजवून, ओल्या रंगावर अलगद फिरवायचा. तो कण उपटून घेतो. मळला की घडी घालून नवी बाजू वर काढायची. जमिनीवर पडला तर टाकून द्यायचा, कितीही महाग असला तरी. त्याला चिकटलेली वाळू रंगावर रेघा मारते. द्रावण आधी, क्ले नंतर, हा क्रम उलटा करू नये.

७. ॲसिड नको.
रिम चकचकीत करायला संडास धुण्याचं ॲसिड वापरलेलं मी पाहिलं आहे. पहिल्या दिवशी रिम खरंच उजळते. मग अलॉयवर पांढरट चट्टे पडतात, नट गंजतात आणि ते चट्टे परत निघत नाहीत. वॉशिंग सेंटरवरच्या मुलाला गाडी देण्याआधीच विचारावं, “दादा, चाकाला काय मारतोस?” त्यात त्याचा अपमान नाही.

८. प्रत्येक डाग गंजाचा नसतो.
मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे, त्यामुळे डांबराचे काळे शिंतोडे दारांच्या खालच्या भागावर हमखास असतात. ते टार रिमूव्हरने मऊ करून पुसायचे. काँक्रीटचा करडा थेंब सुकण्याआधी धुवा. बोअरच्या पाण्याचे गोल पांढरे डाग क्षारांचे. आणि दसऱ्याला बॉनेटवर काढलेल्या स्वस्तिकाचं हळदकुंकू पूजेनंतर त्याच दिवशी ओल्या फडक्याने टिपून घ्यावं. उन्हात राहिलं तर तो डाग गंजाइतकाच हट्टी होतो.

९. धुतल्यावर थोडी चालवा.
पावसाळ्यात सकाळी डिस्कवर तांबडा थर दिसतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, दोन-चार वेळा ब्रेक लागले की तो जातो. पण गाडी धुऊन, हँडब्रेक ओढून तशीच दिवस-दिवस ठेवली तर ब्रेक धरून बसतात. धुतल्यावर एक फेरी मारून, ब्रेक कोरडे करून मगच उभी करावी.

१०. वर्षातून दोनदा पुरतं.
हे सगळं दर रविवारी करायचं नसतं. पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या आधी एकदा, आणि मेअखेर एकदा. प्रत्येक वेळी शेवटी वॅक्स द्यावं, म्हणजे पुढचा कण थेट लॅकरवर न बसता वॅक्सवर बसतो आणि साध्या धुण्यात निघतो. एरवी शाम्पूची एक बादली आणि साध्या पाण्याची एक बादली पुरेशी आहे. एप्रिल-मेमध्ये पेणजवळच्या वाशी, वढाव, शिर्कीकडच्या खारेपाटात माणसं टँकरची वाट पाहत उभी असतात. त्या दिवसांत पाइप सोडून गाडी धुणं मला पटत नाही.

११. गाडी नदीत उतरवू नका.
टेम्पो, रिक्षा, मोटारसायकली नदीत उभ्या करून धुण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. भोगावती असो की कुंडलिका, त्या पाण्यात ब्रेकची पूड, ऑइल आणि आता ही नवी रसायनंही जातात, आणि खालच्या अंगाला त्याच पाण्यावर कपडे धुतले जातात, गुरं पाणी पितात. गाडी घराशी किंवा वॉशिंग सेंटरवर धुवा, आणि जांभळं पाणी विहिरीकडे किंवा ओढ्याकडे वाहणार नाही अशी जागा निवडा.